पाळी लांबते तेव्हा: टोंकखुर्दच्या धाकटीशी हितगुज

अगं, परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर घाईघाईत द्यायचं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. तुझ्या हातात सोनोग्राफीचा कागद, त्यावर दोन्ही अंडाशयांत बारीक गाठी असल्याची ओळ, आणि घरात ज्याचं त्याचं मत. आई म्हणते गरम खाणं बंद कर. आत्या म्हणतात लग्न झालं की सगळं मार्गाला लागतं. शेजारच्या काकू म्हणतात ‘बच्चेदानी’त गाठ झाली, आता मूल होणं कठीण. आणि तू मला विचारतेस, “ताई, माझं काय होणार?”

तुझं चांगलं होणार आहे. नुसती समजूत घालायला म्हणत नाहीये. मलाही कॉलेजात असताना पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं, निदान झालं होतं, आणि तेव्हापासून मी वाचत, डॉक्टरांना विचारत, स्वतःला सांभाळत आले आहे. पीसीओएस आयुष्यभर सोबत राहतो, पण नीट सांभाळता येतो. त्यासाठी एक गोष्ट मात्र आजच मनाशी पक्की कर. आपल्याकडे मुलीची पाळी लांबली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तिचं लग्न येतं. तू तुझी तब्येत डोळ्यांपुढे ठेव. लग्न झालं तरी, नाही झालं तरी, मुलं झाली तरी आणि पाळी जायच्या वयातही तुला याच शरीरात राहायचं आहे.

शरीरात नेमकं काय चाललंय

सोनोग्राफीत दिसल्या त्या गाठी नव्हेत. प्रत्येक बाईच्या अंडाशयात दर महिन्याला बरेच बीजकोश वाढीला लागतात. त्यांतला एक पुढे जातो, पिकतो, फुटतो आणि बीज बाहेर पडतं. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. पीसीओएसमध्ये बरेचसे बीजकोश थोडे वाढून मध्येच थांबतात. दोन ते नऊ मिलिमीटरचे हे अर्धवट वाढलेले बीजकोश सोनोग्राफीत दिसतात. ते कापून काढायचे नसतात, विरघळवायचेही नसतात. म्हणून ‘गाठी विरघळवून देतो, गॅरंटी’ असं सांगणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नकोस.

बीजकोश का थांबतात? आपण जेवलो की रक्तातली साखर वाढते आणि ती पेशींत पोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणींच्या पेशी या इन्सुलिनला पुरती दाद देत नाहीत. मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं, आणि हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन नावाची पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. थोडी अँड्रोजेनं प्रत्येक बाईत असतातच. ती वाढली की हनुवटीवर आणि ओठांवर जाड केस येतात, पुरळ जात नाही, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि बीज सुटणं अडतं. बीज सुटलं नाही की पाळी लांबते.

तुझ्या मानेमागची ती काळपट, जाडसर कातडी आई दर रविवारी बेसन लावून घासते ना? तिला सांग, तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे. घासून कातडी सोलवटेल, डाग जाणार नाही. इन्सुलिन ताळ्यावर आलं की तो हळूहळू फिका पडतो.

आणि यात तुझा दोष नाही. मोबाईल, मॅगी, उशिरा उठणं यांच्या नावानं घरात जे काही बोललं जातं ते मनाला लावून घेऊ नकोस. १७२१ साली इटलीतल्या आंतोनिओ व्हॅलिस्नेरी नावाच्या वैद्यानं एका तरुण, विवाहित शेतकरी बाईचं वर्णन लिहून ठेवलं आहे. अंगानं थोडी भरलेली, मूल नसलेली, आणि अंडाशयं नेहमीपेक्षा मोठी, पांढुरकी, उंचसखल. पुढे १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि वैद्यकशास्त्रात या आजाराला जागा मिळाली. त्या इटालियन शेतकरणीच्या घरी ना मॅगी होती ना मोबाईल. हा कल बऱ्याच अंशी घराण्यातून येतो, आईकडून येतो तसा वडिलांकडूनही. आपल्या घरात आजोबांना साखर होती, काकांना आहे. ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांग.

तू एकटीही नाहीस. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष छापले. एका निकषानं २२.५ टक्के मुलींना पीसीओएस होता, दुसऱ्या कडक निकषानं १०.७ टक्के. म्हणजे कडक हिशोब धरला तरी दहातल्या एकीला. तुझ्या वर्गातल्या मुली मोज आणि विचार कर, गप्प बसलेल्या किती असतील.

नुसत्या कागदावरून निदान होत नाही

मुंबईच्या त्याच पाहणीतून दिसतं की निकष बदलला की आकडा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून निदान नीट होऊ दे. मोठ्या बायकांसाठी जगभर जो निकष वापरतात तो २००३ साली रॉटरडॅमला ठरला. तीन गोष्टी बघायच्या: पाळीची अनियमितता, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र. तिन्हींपैकी दोन असायला हव्यात, आणि दुसरं कारण नाही याची खात्री हवी.

तुझ्या वयाला मात्र नियम वेगळा आहे. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही पुष्कळ बीजकोश दिसतात. तुझी पाळी तेराव्या वर्षी आली, आता तू एकोणीस. तेव्हा त्या कागदावर नुसत्या ‘गाठी’ आहेत म्हणून तुला पीसीओएस आहे असं होत नाही. तुझ्या बाबतीत पाळीची अनियमितता आणि अँड्रोजेनची लक्षणं, दोन्ही असायला हवीत. तुझी पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते आणि हनुवटीवर केस आहेत, म्हणून तपासायलाच हवं. पण तपासणीला कागद दाखवायला म्हणून जाऊ नकोस, तारखा घेऊन जा.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे लिहितात, तसं तू तुझ्या वहीत पाळीचा पहिला दिवस लिही. किती दिवस रक्त गेलं, किती पॅड लागले, दुखलं का, तेही. मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांत येणं नेहमीचं. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही ती सतत ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर ती अनियमित. डॉक्टरांसमोर “कधी येते, कधी नाही” म्हणण्यापेक्षा वही उघडलीस तर निम्मं काम तिथंच होतं.

डॉक्टर बहुतेक थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगतील. थायरॉइडनंही पाळी बिघडते, म्हणून ती तपासणी टाळू नकोस. साखर नुसती उपाशीपोटी बघून भागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त देतात ती तपासणी मागून घे. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर बरोबर आणि नंतरची वाढलेली असं पुष्कळदा होतं. कोलेस्टेरॉल आणि बीपीही बघून घे. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढची कंबर ही सावध होण्याची खूण मानतात, मग काट्यावरचं वजन कितीही असो. बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, म्हणून तुझ्या एखाद्या सडपातळ मैत्रिणीनंही लक्षणं असतील तर दाखवावं.

पुन्हा सोनोग्राफी करायची वेळ आली तर घाबरू नकोस. लग्न न झालेल्या मुलींची ती पोटावरून करतात. भरपूर पाणी पिऊन जायचं आणि लघवी रोखून धरायची, एवढंच. देवासच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, आणि तिथून पुढे पाठवलं तर इंदूरला एमवाय रुग्णालय आहे. मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यांतून किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘उमंग’ केंद्रं चालतात. गावातल्या आशाताईंना विचार, त्या सांगतील. त्यांच्याशी बोलायला लाजायचं काही कारण नाही, त्यांचं कामच ते आहे.

जेवण आपलंच, मांडणी वेगळी

टोंकखुर्दच्या शेतकऱ्यांची गोष्ट तुला माहीत आहे. वर्षानुवर्षं सगळे ट्यूबवेल खोल खोल करत गेले आणि पाणी आणखी खाली गेलं. २००६ पासून भगीरथ कृषक अभियानात त्यांनी स्वतःच्या शेतात तळी खणली, पावसाचं पाणी अडवलं, तेव्हा कुठे रब्बी हाताला लागली. पीसीओएसचंही तसंच आहे. पाळी आली नाही की आणायची गोळी, पुरळ आलं की मलम, असं वरवर खणत राहिलीस तर खाली इन्सुलिन तसंच वाढत राहतं. खाणं, हालचाल आणि झोप यांचं तळं आधी खणायला हवं.

यासाठी कुठलाही खास डाएट लागत नाही. पीसीओएसला अमुकच एक आहार इतरांपेक्षा चांगला, असं अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. आपलंच जेवण, पण ताटातली वाटणी बदल. आधी भाजी-कोशिंबीर वाढून घे, मग घट्ट वरण किंवा उसळ, मग पोळी आणि शेवटी भात. चणा तर आपल्या शेतातच होतो. भिजवून, उकडून, डाळ करून, कणकेत थोडं पीठ मिसळून, रोज कुठल्या तरी रूपात पोटात जाऊ दे. मूग, मटकी, दही, ताक, शेंगदाणे, घरात चालत असतील तर अंडी, हे सगळं तुझ्या बाजूचं आहे. आजीच्या लहानपणी माळव्यात ज्वारी-मक्याची भाकरी घरोघरी असायची, ती आठवड्यातून काही दिवस परत आण.

पोहे सोडू नकोस, त्यात मटार, शेंगदाणे, मोड आलेले मूग घाल आणि शेव चिमूटभर ठेव. सोबतची जिलेबी मात्र रोजची नको. दाल-बाफले केले तर डाळ जास्त आणि बाफले कमी घे. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवसभर चहावर राहणं तुला सोसणार नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगर, दही, शेंगदाणे, राजगिरा, फळ असं खा. चहातली साखर मोज. दिवसातून चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, हे आपल्या घरचं गणित आहे. आधी तिथंच हात घाल. आणि उपाशी राहू नकोस. दिवसभर न जेवता रात्री भुकेनं जास्त खाणं याचा फायदा काहीच नाही.

वजन जास्त असेल तर सुरुवातीला ५ ते १० टक्के कमी झालं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. तू ६५ किलोची आहेस, म्हणजे सव्वातीन ते साडेसहा किलो. सहा महिने, वर्ष लागू दे. आणि समज वजन हललंच नाही, तरी चालण्याचा उपयोग होतोच. स्नायू कामाला लागले की ते साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनवरचा ताण कमी होतो.

आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालायचं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. गावात एकट्या मुलीनं पहाटे चालायला जाणं सोपं नसतं, मला माहीत आहे. दोघी-तिघी मिळून निघा. जमलं नाही तर गच्चीवर फेऱ्या मार, गाणं लाव आणि नाच. उठाबशा काढ, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचल. कॉलेजला जाताना स्कूटी थोडी लांब लाव. देवासला गेलीस की टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला पायऱ्यांनीच चढ. रात्री मोबाईल बाजूला ठेवून सात-आठ तास झोप. घोरण्याचा त्रास असेल आणि सकाळी उठूनही थकवा जात नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग.

गोळ्यांची भीती नको, मनमानीही नको

डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळी लिहून दिली की घरात भूकंप होतो. आईला शांतपणे सांग: ही गोळी इथे पाळी नियमित करायला, गर्भाशयाचं अस्तर सांभाळायला आणि अँड्रोजेन कमी करायला देतात. तिनं पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही. मात्र बीपी, अर्धशिशी, रक्ताची गुठळी होण्याचा घरातला इतिहास, हे सगळं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घ्यायची नाही. मेडिकलवाल्याकडून परस्पर तर मुळीच नाही. मेटफॉर्मिन इन्सुलिनसाठी देतात. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून ती जेवणासोबत आणि कमी डोसपासून सुरू करतात. दीर्घकाळ घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपण शाकाहारी, म्हणून ते अधूनमधून तपासायचं. गोळी बंद केली की त्रास परत येऊ शकतो. याचा अर्थ गोळीनं बिघडवलं असा घेऊ नकोस.

गणपतीला किंवा महालक्ष्म्यांना पाळी पुढे ढकलायची गोळी घरातल्या बायका एकमेकींना देतात. तुझ्या पाळीचं वेळापत्रक आधीच हललेलं आहे, तू ती स्वतःच्या मनानं घेऊ नकोस. देवाला तुझी तब्येत बिघडवून काही नको आहे.

आणि हे नीट लक्षात ठेव: ९० दिवस पाळी आली नाही तर वाट बघायची नाही. पाळी न येता गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने साचत राहणं चांगलं नाही. पुढे त्यात नको ते बदल होण्याचा धोका वाढतो. डॉक्टर काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर मोकळं करतात. रक्तस्राव इतका झाला की दर तासाला पॅड बदलावा लागतोय, किंवा थोड्याच महिन्यांत केस झपाट्यानं वाढले, आवाज घोगरा झाला, तर लगेच दवाखाना गाठ.

केसांचं बोलायचं तर थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर, जे सोयीचं वाटेल ते कर. रेझरनं केस जाड होतात हा गैरसमज आहे. गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायला सहा महिने लागतात, म्हणून दीड महिन्यात कंटाळून सोडू नकोस.

मनाचं दुखणंही खरं आहे

तू फोनवर म्हणालीस, “ताई, आरशात बघावंसं वाटत नाही.” ते ऐकून सोडून देण्यासारखं नाही. पीसीओएस असलेल्या मुलींत उदासी आणि चिंता जास्त दिसते. म्हणूनच नव्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निदान करताना मनाची चौकशीही व्हायला हवी. झोप उडाली, रडू थांबत नाही, जेवणाचा राग येतो, असं होत असेल तर तेही वहीत लिही आणि डॉक्टरांसमोर बोल. लग्नकार्यात कुणी “किती जाड झालीस गं” म्हटलं तर हसून सोडायची सक्ती तुझ्यावर नाही. “माझे उपचार चालू आहेत” एवढं म्हण आणि विषय बदल.

लग्न, मूल आणि त्यानंतर

लग्नानं पीसीओएस बरा होत नाही, आणि पीसीओएसमुळे मूल होतच नाही हेही खोटं. पुष्कळ जणींना काही न करता दिवस राहतात. ज्यांना मदत लागते त्यांना बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल नावाची गोळी सर्वांत आधी देतात, आणि बहुतेकींना त्यापुढे फार जावं लागत नाही. उलट, मूल नको असताना “मला कुठे राहणार” म्हणून बेफिकीर राहायचं नाही, कारण बीज कधीही सुटू शकतं. दिवस राहिले तर साखर आणि बीपी सुरुवातीपासून तपासायचं. स्थळ आलं तर खोटं बोलू नकोस, पण गुन्हा केल्यासारखं सांगूही नकोस. जो माणूस हे समजून घेऊ शकत नाही, त्याच्याशी पुढची चाळीस वर्षं कशी काढणार होतीस?

आणि दोन मुलं झाली, पाळी रुळली, म्हणजे संपलं असं नाही. मधुमेहाचा कल शरीरात राहतो. म्हणून साखरेची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी, बीपी दरवर्षी, हे आयुष्यभराचं. तुझ्या आईला आणि धाकट्या बहिणीलाही एकदा तपासून घ्यायला सांग.

या आठवड्यात दोनच कामं कर. वहीत गेल्या वर्षातल्या पाळीच्या आठवतील तेवढ्या तारखा लिही, आणि आईला सोबत घेऊन देवासला स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. आईला बाहेर बसवू नकोस, आत ने. जे डॉक्टर सांगतील ते तिच्याही कानावर पडू दे. तपासण्या झाल्या की मला रिपोर्ट पाठव, आपण दोघी मिळून वाचू. आणि तुझ्या ज्या मैत्रिणी गप्प आहेत, त्यांनाही हे वाचायला दे.